शब्दांशिवाय, नुसत्या गळ्यावर संगीत करणाऱ्या स्त्रिया सिनेमा-नाटकात आहेत का? लातुरात राहून हे शिकता येईल का?

आहेत. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय ना, 'इकडं असलं काही होत नाही, पुण्या-मुंबईलाच जावं लागेल', ते मला लागलं, म्हणून लिहायला बसले.

आधी नावं. अमेरिकेची मेरेडिथ मंक साठच्या दशकापासून गळ्यावर काम करतेय. हुंकार, उचकी, किंकाळी, सगळं. तिचं 'डॉल्मेन म्युझिक' (1981) ऐका. आइसलंडच्या हिल्दुर गुद्नादोत्तिरला 'जोकर'च्या संगीतासाठी 2020 साली ऑस्कर मिळालं, पण तुमच्या कामाचं ते तिचं 'चेर्नोबिल' मालिकेचं संगीत. लिथुआनियातल्या बंद अणुवीज केंद्रात टिपलेले आवाज आणि तिचा स्वतःचा गळा, एवढ्यावर ते उभं आहे. आपल्याकडे संगीतकार स्नेहा खानवलकर. 'गँग्ज ऑफ वासेपुर'मध्ये (2012) तिनं बिहारचे गळे गुळगुळीत न करता वापरले.

आता माझं. परभणीत आमच्या ग्रुपनं ऊसतोडीवर एकांकिका बसवली होती. लेक-सून कारखान्यावर, मागं म्हातारी आणि नात. म्हातारी मरते तिथं दिग्दर्शकाला बासरी पाहिजे होती, मोबाइलवरून लावायची. मी म्हटलं, आपल्याकडं माणूस गेल्यावर बासरी वाजते का? बाया हेल काढून रडतात. प्रत्येक ओळ वरून सुटते, घसरत खाली येते आणि दम संपतो तिथं आवाज फाटतो. मला ते रंगमंचावर हवं होतं, शब्द काढून.

माझी मावशी आणि गल्लीतल्या तिघीजणी तयार झाल्या. मावशी घरी तालीम करायला मात्र नाही म्हणाली. "माणूस मेल्याबिगर घरात हेल काढू नाही, बाई." मग शाळा सुटल्यावर वर्गात तालमी केल्या. विंगेत पोतं अंथरून खरं जातं ठेवलं, शेजारी माइक. ओवी म्हणणाऱ्या बाईचा सूर जोर लावताना दाबला जातो, फेरा सुटला की मोकळा होतो. मी तेवढंच उचललं. दोघी एका सुरावर, तिसरी मुद्दाम किंचित उतरून, त्यामुळं आवाजात एक थरथर उभी राहायची. चौथी फक्त श्वास घ्यायची, तो मावशीचा. कुणी कधी यायचं ते नातीच्या पावलांवर बांधलेलं. स्वरलिपीत हे बसेना, म्हणून वहीत रेघा काढल्या, चढत्या-उतरत्या. (कॅथी बर्बेरियन या अमेरिकन गायिकेनं 1966 मध्ये 'स्ट्रिप्सोडी' ही आपली गळ्याची रचना अशी चित्रांतच लिहिली होती, हे मला फार नंतर समजलं.)

प्रयोगानंतर परीक्षक म्हणाले, "यात पार्श्वसंगीत कुठाय? बाया रडायल्यात नुसत्या." आणि पत्रिकेवर 'संगीत' म्हणून नाव होतं कोणाचं, तर लॅपटॉपवर सुरुवातीचं गाणं लावणाऱ्या मुलाचं. मी 'सहकार्य'मध्ये. दिग्दर्शकाला विचारलं तर म्हणाला, "तू काय नवीन केलंस? हे तर आपल्या आयाबाया करतातच की."

आयाबाया रडतात, खरंय. पण कुणी आधी, कुणाच्या खाली, किती वेळ आणि कुठं गप्प, हे ठरवणं म्हणजेच संगीत देणं. पुरुषानं शिवारातला आवाज उचलला की तो लोकसंगीताचा अभ्यासक होतो, बाईनं उचलला की ते रडणं. हे मी तेव्हा तोंडावर बोलले, आजही बोलते.

नावाचं दुखणं जुनंच आहे. 'अछूत कन्या'ला (1936) संगीत देणाऱ्या खुर्शीद मिनोचर-होमजींना पारशी समाजाच्या विरोधामुळं 'सरस्वती देवी' व्हावं लागलं. लताबाईंनी 'साधी माणसं'ला (1965) संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. 1959 मध्ये 'दिल देके देखो'वर स्वतःचं नाव लावून आलेल्या उषा खन्ना मला म्हणूनच फार मोठ्या वाटतात. तुम्ही पहिल्या तालमीलाच दिग्दर्शकाकडून लिहून घ्या: संगीत, आणि पुढं तुमचं नाव. 'सहकार्य' चालणार नाही म्हणावं.

शिकायचं कुठं? नवरात्रात तुळजापूरला देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायांच्या मेळ्याशेजारी बसा. एकीचा दम संपायच्या आत दुसरी ओळ कशी उचलते ते बघा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकारानं जात्यावरच्या लाखावर ओव्या जमा झाल्या, त्यातल्या बऱ्याच 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. त्यात आपल्या ताडकळसच्या, माजलगावच्या बायाही सापडतील. पहिल्यांदा अर्थाकडं लक्ष देऊ नका, नुसता श्वास ऐका. कुठल्याही शहरात याचा क्लास नाही.

हां, पण खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज सोडू नका. मला लहानपणापासून गाण्याच्या बाईंकडे तालीम होती, म्हणून गळा टिकला. तयारी नसताना हेल काढाल तर आवाज बसेल. आणि खऱ्या मयतीत जाऊन गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. बायांना आधी विचारा, तालमीचे पैसे द्या, आणि पत्रिकेवर त्यांची नावं तुमच्या लगेच खाली छापा. आमच्या पत्रिकेवर मावशीचं नाव 'सहकार्य'मध्येसुद्धा नव्हतं.