तो ईमेल पाठवू देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. पहिल्या नोकरीला आठ महिने झाले. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी सात जणांची टीम आहे. आतापर्यंत सगळं काम एका सामायिक एक्सेल शीटवर चालायचं, आता तिकिटिंग सॉफ्टवेअर (प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन तिचा माग ठेवणारं) घ्यायचं घाटतंय. मुलीसह चौघांना ते हवंय, दोन ज्येष्ठ सहकारी बायकांचा विरोध आहे, एक जण गप्प आहे. साहेब म्हणतात, 'आपसात ठरवा.' तुलनेचा तक्ता करायचं काम मुलीकडे आलं आणि तेव्हापासून त्या दोघी तिच्याशी धड बोलत नाहीत. मी तिला साहेबांच्या बाजूने राहायला सांगितलंय. त्यांना पाठवायचा ईमेलही लिहून दिलाय, सोबत जोडतो. तिच्यात नेतृत्वगुण कमी आहेत का? एमबीएला घालू, की नोकरी बदलायला सांगू?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात मुलीचं स्वतःचं म्हणणं कुठेच सापडलं नाही. तिला हे सॉफ्टवेअर का हवंय, तिला नोकरी सोडायचीय का, त्या दोघींचा आक्षेप नेमका काय आहे, यावर एक ओळ नाही. ईमेल मात्र दीड पानाचा आहे.

तो पाठवू देऊ नका. २४ वर्षांच्या मुलीच्या ऑफिसातला वाद वडिलांच्या भाषेत मांडला गेला की ते लगेच कळतं, कारण आठ महिने रोज तिच्याशी बोलणारी माणसं तिची भाषा ओळखतात. शिवाय त्यात 'जुन्या मानसिकतेचे सहकारी' असे शब्द आहेत. ऑफिसचा ईमेल फॉरवर्ड व्हायला एक बटण पुरतं. तो त्या दोघींपर्यंत पोचला, तर पुढची दोन वर्षं तिला कुणी काम शिकवणार नाही. आणि साहेबांची बाजू घ्यायची म्हणजे काय? 'आपसात ठरवा' म्हणणाऱ्या माणसाने बाजू घेतलेलीच नाही. त्याने निर्णय टाळून सर्वांत नव्या मुलीच्या गळ्यात घातलाय. हा तिच्या नेतृत्वगुणांचा प्रश्न नाही.

एमबीए दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर करता येतं. पीएमपीसारखी प्रकल्प-व्यवस्थापनाची परीक्षा तर प्रकल्प चालवल्याचा अनुभव आधीच मागते. आज दोन्हींची घाई नाही.

'जुनी मानसिकता' या गैरसमजाबद्दल मात्र बोलायला हवं. वय वाढलं की माणूस नव्याला घाबरतो, हे सोयीचं स्पष्टीकरण आहे. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे इस्त्री करणाऱ्या एका गटाच्या कामातला बदल अगदी क्षुल्लक होता : अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे. या गटाला बदल नुसता सांगितला गेला, विचारलं काहीच नाही. पहिल्या ४० दिवसांत त्यातले १७ टक्के लोक काम सोडून गेले. ज्या गटांना त्यांच्या कामातला बदल ठरवण्यात सामील करून घेतलं होतं, त्यांतलं कुणी गेलं नाही. खोकं कुणालाच अवघड नव्हतं. आपल्या हातातलं काम दुसरा कुणी परस्पर ठरवतो, हे खुपत होतं.

आता मुलीसाठी. तुलनेचा तक्ता तिने बाजूला ठेवावा. त्यात वैशिष्ट्यांपुढे बरोबरच्या खुणा असतात, त्यांनी कुणाचंही मत बदलत नाही. त्याऐवजी विरोध असलेल्या दोघींपैकी एकीच्या शेजारी अर्धा तास बसावं आणि 'तुम्ही तक्रार कशी नोंदवता, दाखवाल का?' एवढंच विचारावं. आपल्या सॉफ्टवेअरची भलामण अजिबात करू नये. अशा शीटमध्ये बरंचसं ज्ञान रकान्यांत नसतंच. पिवळी ओळ म्हणजे ग्राहकाला फोन करायचा राहिलाय, लाल म्हणजे वरच्यांना कळवलंय, असं काहीतरी असतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती बहुधा सीएसव्ही फाइलमधून (रकान्यांतला नुसता मजकूर साठवणारी साधी फाइल) भरतात आणि सीएसव्हीत रंग उरत नाही. पिवळा रंग गेला की राहिलेले फोन कुणाला दिसणार? असा आक्षेप निघाला तर तो सॉफ्टवेअर घेण्याआधी सोडवायचा मुद्दा आहे, त्याला विरोध म्हणू नये. उपायही साधा आहे : रंगांसाठी शीटमध्येच 'स्थिती' असा वेगळा रकाना करून तो आधी भरून घ्यायचा. फाइल तपासताना शून्याने सुरू होणारे ग्राहक क्रमांक (एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतं) आणि दिवस-महिना उलटलेल्या तारखा आवर्जून बघायच्या.

मग चाचणी. आधी एक आठवडा जुन्याच पद्धतीने काम करताना दोन आकडे टिपायचे : एक तक्रार नोंदवायला किती मिनिटं लागतात आणि किती तक्रारी दुसऱ्यांदा उघडाव्या लागतात. बहुतेक टीम ही पायरी गाळतात, आणि मग शेवटी 'मला बरं वाटतं', 'मला नाही वाटत' एवढंच उरतं. त्यानंतर तीन आठवडे, एकाच प्रकारच्या तक्रारी, दोन माणसं. त्यातली एक विरोध असलेली हवी, तिची तयारी असेल तरच. चाचणीतल्या तक्रारी फक्त नव्या ठिकाणी नोंदवायच्या. दोन्हीकडे नोंद करायला लावलं की काम दुप्पट होतं आणि राग सॉफ्टवेअरवर निघतो, चुकाही वाढतात. काय झालं तर चाचणी थांबवायची, हे सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं. नंतर ठरवायला गेलं की प्रत्येक जण आपल्या सोयीची रेघ ओढतो.

मतदान टाळावं. चार विरुद्ध दोन असं जिंकलं, तरी तक्रारींतले खाचखळगे ठाऊक असलेल्या त्या दोघीच हरलेल्या बाजूला राहतात.

साहेबांना तिने समोर बसून एवढंच विचारावं : 'चाचणीचे आकडे कोणत्या तारखेला आणू, आणि अंतिम निर्णय कोण घेणार?' उत्तर मिळालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल सगळ्या टीमला पाठवावा, त्या दोघींसकट. हा ईमेल तिने स्वतः लिहावा, तुम्ही वाचायलाही मागू नका. साहेब पुन्हा 'आपसात बघा' म्हणाले, तर तिने चाचणीपलीकडची जबाबदारी घेऊ नये आणि तसं स्पष्ट सांगावं.

नोकरी बदलायची की नाही, हे तिला पडलेला प्रश्न असेल तर तिने विचारावं. तिचं पत्र आलं तर त्याचं उत्तर वेगळं देईन.