उभा मका पाण्यात ठेवल्याने बदके उत्तरेतच अडकून राहतात का?

आपला प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या दक्षिणेकडील शिकारी म्हणतात की उत्तरेकडचे जमीनमालक उभा मका पाण्याखाली ठेवतात, त्यामुळे बदके तिथेच थांबतात आणि आर्कान्सा-लुइझियानापर्यंत पोहोचतच नाहीत, यात तथ्य किती, आणि जमीन कशी राखली जाते यावर बदकांचे स्थलांतर व शिकार खरोखर अवलंबून असते का? माझे मत असे की जमिनीच्या व्यवस्थापनाचा परिणाम फार मोठा आहे, परंतु तक्रार करणारे तो भलत्याच ठिकाणी शोधत आहेत. मी स्वतः शिकार करत नाही. मिसुरी राज्यात काही हिवाळे पक्षी पाहण्यात आणि तिथल्या पाणथळ जागा राखणाऱ्या लोकांशी बोलण्यात गेले, तेवढ्या आधारावर आणि वाचनावर हे लिहीत आहे.

आधी मक्याचेच पाहू. मका पेरायचा, तो काढायचा नाही, आणि हिवाळ्याच्या तोंडावर शेताला बांध घालून त्यात पाणी सोडायचे, अशी ही पद्धत आहे. धान्य पसरून त्यावर उतरणारी बदके मारणे अमेरिकेत १९३५ पासून बेकायदा आहे. उभे पीक पाण्यात असेल तर मात्र ते आमिष मानले जात नाही. तेच पीक न काढता आडवे पाडले किंवा त्यावरून ट्रॅक्टर फिरवून कणसे पाण्यात पाडली, तर ते आमिष ठरते, आणि दाणे पूर्णपणे नाहीसे झाल्यानंतरही दहा दिवस तिथे शिकार करता येत नाही. दक्षिणेतल्या शिकाऱ्याला हा भेद निव्वळ शब्दच्छल वाटतो, आणि त्याचा राग मला समजू शकतो. पण कायदा कसाही असला, तरी खरा प्रश्न बदकांच्या वागण्याचा आहे.

सगळी बदके एकाच कारणाने प्रवासाला निघत नाहीत. निळ्या पंखांचे टील हे लहान बदक दिवस लहान होऊ लागले की निघते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, थंडीचा मागमूस नसताना, ते दक्षिणेकडे वाट धरते, आणि त्याला मका दाखवून थांबवता येत नाही. मॅलार्ड या मोठ्या बदकाचे तसे नाही. ते गरज पडेल तेवढेच पुढे सरकते. पाणी गोठले आणि बर्फाने खाद्य झाकले गेले की ते निघते, अन्यथा आहे तिथेच राहते, आणि हवा निवळली तर पुन्हा उत्तरेकडेही सरकते. म्हणून दक्षिणेची तक्रार जवळजवळ सगळी मॅलार्डबद्दल असते. बुडवलेला मका मॅलार्डला थोडा धीर देतो हे मान्य करावे लागेल, कारण उभ्या ताटावरचे कणीस बर्फाच्या वर राहते आणि त्यातून भरपूर ऊर्जा मिळते. पण आजूबाजूचे सगळे पाणी गोठले की कणसांचा उपयोग फारसा राहत नाही. शिवाय मॅलार्डला पाण्यातलाच मका लागतो असेही नाही. काढणी झालेल्या कोरड्या शेतातले सांडलेले दाणे वेचण्यासाठी ते कित्येक किलोमीटर उडत जाते. अशा धसकटांच्या रानांपुढे मुद्दाम बुडवलेल्या मक्याचे क्षेत्र नगण्य आहे. ज्या वर्षी हिवाळा सौम्य असतो त्या वर्षी मॅलार्ड उत्तरेत रेंगाळतात, आणि दोष मात्र शेजारच्या राज्यातल्या मक्याला दिला जातो.

दुसरी गोष्ट दक्षिणेतल्या मंडळींना ऐकायला आवडत नाही. बदकांना तिथे येऊन खायला काय उरले आहे, हेही विचारले पाहिजे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात भातशेती ही बदकांची मोठी बेगमी होती. लवकर तयार होणारी वाणे आली, काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकू लागली, आणि यंत्रे अधिक कार्यक्षम झाली. परिणामी जे दाणे सांडतात, ते बदके येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत रुजतात, कुजतात किंवा उंदीर आणि इतर पक्षी खाऊन टाकतात. २००० नंतरच्या मोजणीत, हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या खोऱ्यातल्या खाचरांत हेक्टरी जेमतेम ७८ किलो भात शिल्लक आढळला. हेक्टरी सुमारे ५० किलोच्या खाली गेल्यावर दाणे शोधण्याचे कष्ट परवडत नाहीत आणि बदके शेत सोडून देतात, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती तोकडा आहे ते कळेल. काढणीनंतर शेत नांगरले तर तेवढेही उरत नाही. धसकटे तशीच ठेवून पाणी अडवले तर ते हिवाळाभर पुरवून खाता येते. लुइझियानाच्या किनाऱ्यावर तर जमीनच नाहीशी होत आहे : नदीला बांध घातल्याने गाळ पोहोचत नाही, दलदलीतून खोदलेल्या कालव्यांनी खारे पाणी आत आणले, आणि १९३० च्या दशकापासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर भूभाग समुद्रात गेला. एके काळी त्या दलदलीत लाखो बदके हिवाळा काढत असत.

आर्कान्सामधील ओकच्या जंगलांची कथा मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते, कारण तिथे नुकसान शिकारीच्या हौसेनेच झाले. नदीकाठच्या जंगलाभोवती बांध घालून हिवाळ्यात पाणी भरायचे आणि पाण्यावर पडलेली ओकची फळे खायला उतरणाऱ्या मॅलार्डची झाडांमध्ये उभे राहून शिकार करायची, ही तिथली जुनी परंपरा. पुराचे पाणी पूर्वी कधी यायचे, कधी नाही. आले तरी झाडे सुप्तावस्थेत गेल्यानंतर यायचे. बांध झाल्यावर हंगामाच्या पहिल्या दिवशी पाणी हवेच म्हणून ते लवकर भरले जाऊ लागले, दरवर्षी त्याच पातळीला, आणि वसंतात उशिरापर्यंत साचू लागले. काही दशकांत लहान फळे देणारे ओक, म्हणजे नेमकी बदकांच्या उपयोगाची झाडे, मुळे गुदमरून मरू लागली आणि त्यांच्या जागी बदकांच्या घशाखाली सहज न उतरणाऱ्या मोठ्या फळांचे ओक वाढू लागले. आता तिथल्या सरकारी जंगलांत पाणी उशिरा भरण्याचे ठरले आहे, आणि त्यावर शिकारी नाराज आहेत.

मात्र या सगळ्यापेक्षा मोठा मुद्दा म्हणजे शरदात मुळात निघतात किती बदके. तो निर्णय हिवाळ्यात होत नाही. तो वीण होते त्या गवताळ प्रदेशात होतो. हिमनद्या मागे हटताना जे लाखो उथळ खळगे सोडून गेल्या, त्यांचा सुमारे ७,८०,००० चौरस किलोमीटरचा पट्टा कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबापासून अमेरिकेतल्या दोन्ही डकोटा, मिनेसोटा आणि आयोवापर्यंत पसरलेला आहे, आणि उत्तर अमेरिकेतली निम्मी किंवा त्याहून अधिक बदके तिथे जन्माला येतात. यातले काही खळगे वसंतात जेमतेम काही आठवडे भरतात. शेतकऱ्याला ते अडचणीचे वाटतात, कारण यंत्र वळवून न्यावे लागते. बदकांना मात्र तेच हवे असतात, कारण उथळ पाणी लवकर तापते आणि त्यात अंडी घालण्यासाठी लागणारे प्रथिनयुक्त किडे सर्वांत आधी मिळतात. शिवाय लहान खळगे अनेक असले की जोड्या एकमेकींना न दिसता वेगवेगळ्या राहू शकतात. तेवढेच पाणी एका मोठ्या तळ्यात साठवून ही सोय होत नाही. १९८० च्या दशकापर्यंत आयोवाने आपल्या सुमारे नऊ-दशांश पाणथळ जागा चर खोदून आणि जमिनीखाली नळ्या टाकून कोरड्या केल्या होत्या, तर उत्तर डकोटाने जवळपास निम्म्या.

पाण्याइतकेच गवत महत्त्वाचे आहे. यातली बरीच बदके पाण्यापासून दूर, जमिनीवर गवतात घरटे करतात. गवताचे क्षेत्र नांगरून पट्ट्यापट्ट्यांपुरते उरले की कोल्हा आणि स्कंक (दुर्गंधी सोडणारा एक लहान शिकारी प्राणी) यांना घरटी शोधणे सोपे जाते. मॅलार्डची संख्या टिकून राहण्यासाठी शंभरातली निदान १५ घरटी यशस्वी व्हावी लागतात, आणि पिकांनी वेढलेल्या मुलखात अनेकदा तेवढीही होत नाहीत. १९८५ च्या शेतीविषयक कायद्याने यावर एक उपाय नकळत केला. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पडीक गवताळ ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार वार्षिक मोबदला देऊ लागले. हेतू माती वाचवण्याचा आणि धान्याचे भाव सावरण्याचा होता, पण त्या गवतामुळे अमेरिकेच्या बाजूच्या खळग्यांच्या प्रदेशात १९९० च्या दशकात दरवर्षी सुमारे २० लाख जास्तीची बदके वाढल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. २००७ मध्ये देशभरात असे क्षेत्र ३ कोटी ६० लाख एकरांच्या वर होते. पुढे मक्याचे भाव चढले, करार संपले तसे मालकांनी पुन्हा नांगर घातला, आणि ते २ कोटी २० लाख एकरांच्या आसपास आले. म्हणजे दक्षिणेतल्या शिकाऱ्याला मक्यावर रागवायचेच असेल, तर पाण्यात उभ्या असलेल्या मक्यापेक्षा गवत मोडून पेरलेल्या मक्यावर रागवावे.

पिनटेलची, म्हणजे आपल्याकडे ज्याला तलवार बदक म्हणतात त्याची, अवस्था याचा पुरावा आहे. ते गवताऐवजी गेल्या हंगामाच्या धसकटांतही घरटे करते, आणि वसंतात पेरणीची अवजारे फिरली की अंडी चिरडली जातात. १९५० च्या दशकात जे बदक गणनेत एक कोटीपर्यंत पोहोचले होते, ते २००२ मध्ये सुमारे १८ लाखांवर आले. शरदात पेरल्या जाणाऱ्या गव्हाच्या शेतात वसंतात अवजार घालावे लागत नाही, म्हणून कॅनडात अशा गव्हाला उत्तेजन देण्याचे प्रयत्न झाले. पिकाची निवड हीच संवर्धनाची कृती ठरावी असे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्याच्या जवळ जाणारे कॅलिफोर्नियात आहे. तिथे भाताचा पेंढा जाळल्याने धूर होतो म्हणून १९९१ च्या कायद्याने जाळण्यावर मर्यादा आल्या, शेतकऱ्यांनी पेंढा कुजवण्यासाठी हिवाळ्यात खाचरे भरायला सुरुवात केली, आणि ज्या राज्याने आपल्या ९० टक्क्यांहून अधिक पाणथळ जागा गमावल्या होत्या तिथे बदकांना हजारो एकर उथळ पाणी अनायासे मिळाले.

शिकारी या साखळीत नुसता लाभार्थी नाही, हेही नोंदवले पाहिजे. १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला १९३४ पासून दरवर्षी ‘डक स्टॅम्प’ हे टपाल तिकिटासारखे दिसणारे सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. तेव्हा ते एका डॉलरला होते, आता २५ डॉलरला आहे, आणि त्यातला जवळजवळ सर्व पैसा पाणथळ जागा घेण्यात जातो. उलट दिशेने, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या जलप्रवाहाशी जोडलेल्या नसलेल्या पाणथळ जागांना जलशुद्धतेच्या केंद्रीय कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढले, आणि डकोटातले एकेकटे खळगे नेमके याच वर्गात मोडतात. माझ्या मते दक्षिणेतल्या बंदुकींच्या दृष्टीनेही ही बातमी मक्याच्या वादापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

आपल्या प्रश्नाचा शिकारीचा भाग राहिला. बदके राज्यात आली तरी शिकाऱ्याला दिसतातच असे नाही. जिथे रोज गोळीबार होतो तिथे ती दिवसा उतरणे सोडतात, राखीव क्षेत्रात बसून राहतात आणि खायला रात्री बाहेर पडतात. म्हणून ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी मक्यावर खर्च करण्याआधी काही भाग हंगामभर अजिबात न छेडता ठेवावा, आणि उरलेल्या भागात वसंताच्या अखेरीस पाणी हळूहळू उतरवून सावा-बरटीच्या जातीचे रानगवत आपोआप उगवू द्यावे. त्याच्या बियांत आणि त्यासोबत वाढणाऱ्या किड्यांत मक्यात नसलेली प्रथिने असतात, आणि असे नैसर्गिक गवत कापले तरी ते आमिष ठरत नाही. मिसुरीतल्या एका राखीव तलावाच्या बांधावर मी डिसेंबरमध्ये अनेकदा उभा राहिलो आहे. शिकारीची कायदेशीर वेळ सूर्यास्ताला संपते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नसे, आणि मग दिवसभर पाण्यावर स्वस्थ बसलेले हजारो मॅलार्ड थव्याथव्यांनी उठून आजूबाजूच्या शेतांकडे जात. त्याच सुमारास वाहनतळावर शिकारी रिकाम्या हाताने गाड्या भरत असत, आणि उत्तरेकडून बदके अजून उतरलीच नाहीत असे एकमेकांना सांगत असत.