घोड्याला सद्गुण असतो का? ग्रीक 'अरेते' आणि तिचे मराठी

प्रश्न असा आहे: प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादाचा पहिला भाग मराठीतून वाचताना 'घोड्याचा सद्गुण', 'कानांचा सद्गुण' अशी शब्दयोजना आढळली आणि ती खटकली. हा अनुवादाचा दोष आहे की ग्रीक भाषाच तसे बोलते? आणि ती तसे बोलत असेल, तर 'सद्गुण म्हणजे ज्ञान' या सॉक्रेटिसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या सूत्राचा अर्थ आपण समजतो तोच राहतो का?

ग्रीक भाषा तसे बोलते, मराठी बोलत नाही. खटकते ते यामुळेच. मूळ शब्द 'अरेते' हा आहे; कोणत्याही वस्तूचे, प्राण्याचे किंवा माणसाचे त्याच्या परीने असलेले चांगलेपण असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत 'सद्गुण' हा शब्द रुळला तो मुख्यतः इंग्रजी 'व्हर्च्यू'चा पर्याय म्हणून. हा इंग्रजी शब्द लॅटिन 'विर्तुस'वरून आला आणि 'विर्तुस'च्या मुळाशी 'विर' म्हणजे पुरुष हा शब्द आहे, जो आपल्या 'वीर'चा सगोत्र आहे. ग्रीक कल्पना अशी दोन भाषा ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिचा मूळचा विस्तार आकसला आणि उरले ते केवळ चारित्र्याचे चांगलेपण.

हा विस्तार ग्रीक महाकवी होमरमध्ये स्पष्ट दिसतो. 'इलियड'च्या विसाव्या सर्गात प्रियाम राजाचा धाकटा मुलगा पॉलिडोरस आपल्या पायांची 'अरेते' दाखवण्याच्या भरात आघाडीच्या योद्ध्यांमधून धावत सुटतो आणि अकिलीसच्या भाल्याला बळी पडतो. तेविसाव्या सर्गात अकिलीस आपले घोडे 'अरेते'त इतरांच्या घोड्यांहून सरस असल्याचे सांगतो. इतिहासकार थ्युसिडिडीस तर जमिनीच्या 'अरेते'विषयी लिहितो: जिथे जमीन चांगली होती तिथे काहींचे बळ वाढले, त्यातून यादवी माजली आणि बाहेरच्यांचीही नजर त्या प्रदेशांवर गेली, तर अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाची, जमीन हलकी असल्यामुळे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच भूमीवर राहिले. या ठिकाणी मराठी माणूस 'जमिनीचा कस' असेच म्हणेल. धावणाऱ्या पायांची चपळाई, घोड्याची जातिवंत ताकद आणि जमिनीचा कस या तिन्हींना ग्रीक माणसाकडे एकच शब्द होता, आणि माणसाच्या शौर्याला व न्यायीपणालाही तोच पुरत होता.

आता प्रश्नातल्या उताऱ्याकडे वळू. 'न्याय म्हणजे बलवानाचे हित' असे ठासून सांगणाऱ्या थ्रॅसिमॅकसला सॉक्रेटिस विचारतो की घोड्याचे असे काही कार्य असते का, जे केवळ घोड्याकडूनच होते किंवा त्याच्याकडून सर्वांत चांगले होते? डोळ्यांवाचून पाहता येत नाही आणि कानांवाचून ऐकता येत नाही. द्राक्षवेलीची फांदी सुरीने कापता येते, चामडे कापायच्या रापीनेही कापता येते. पण छाटणीसाठीच घडवलेल्या विळ्याने ती जितकी चांगली कापली जाते तितकी दुसऱ्या कशानेही नाही. यावरून सॉक्रेटिस म्हणतो की ज्याला ज्याला कार्य नेमून दिलेले आहे त्याला त्याला त्याची 'अरेते' असते, आणि ती असली तरच ते कार्य नीट पार पडते. डोळ्यांत 'अरेते'ऐवजी तिच्या उलट असलेली 'काकिया' आली, म्हणजे आंधळेपण आले, तर डोळे आपले काम करणार नाहीत. यानंतर तो आत्म्याकडे येतो. देखरेख करणे, सत्ता चालवणे, विचारविनिमय करणे आणि मुळात जगणे ही आत्म्याची कार्ये आहेत. त्यालाही 'अरेते' असणारच, आणि ती म्हणजे न्यायीपणा. म्हणून न्यायी माणूस चांगला जगतो आणि अन्यायी वाईट जगतो.

हा युक्तिवाद विळ्यापासून आत्म्यापर्यंत एकाच शब्दाच्या आधाराने जातो. तो शब्द मध्येच बदलला, म्हणजे विळ्याच्या बाबतीत 'उपयुक्तता', घोड्याच्या बाबतीत 'गुणवत्ता' आणि माणसाच्या बाबतीत 'सद्गुण' असे लिहिले, तर प्रत्येक वाक्य सुटे वाचताना सुबोध होते, परंतु सॉक्रेटिस एका पायरीवरून दुसरीवर कसा गेला ते वाचकाला कळत नाही. सर्वत्र 'सद्गुण' ठेवला, तर युक्तिवाद जुळतो पण मराठी बिघडते. माझ्या मते या उताऱ्यापुरता साधा 'गुण' हाच शब्द घ्यावा. औषधाला गुण येतो, एखाद्या घोड्याचे गुण पारखले जातात, माणूसही गुणी असतो, आणि 'वाण नाही पण गुण लागला' ही म्हण तर बैलांवरूनच आलेली आहे. शिवाय 'काकिया'साठी 'दोष' हा शब्द आयताच मिळतो. 'डोळ्यांत दोष आहे' हे वाक्य मराठीत कुणालाही परके वाटणार नाही, मात्र 'डोळ्यांत दुर्गुण आहे' असे कुणी म्हणणार नाही. 'गुणदोष' ही आपली जोडी इथे ग्रीक जोडीच्या फार जवळ जाते.

'गुण' शब्दाची एक अडचण मान्य केली पाहिजे. सांख्यांच्या त्रिगुणांमुळे आणि 'गुणधर्म' यासारख्या शब्दांमुळे तो पुष्कळदा तटस्थ असतो. तमोगुण हाही गुणच. 'अरेते' मात्र कधीच तटस्थ नसते, ती त्या वस्तूचे चांगलेपण असते. म्हणून उताऱ्यात 'गुण' प्रथम येईल तिथेच 'दोष' शेजारी आणून ठेवावा, म्हणजे कोणत्या अर्थाचा गुण अभिप्रेत आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता ज्ञानाविषयी. ख्रिस्तपूर्व 399 मध्ये चाललेल्या खटल्यातील सॉक्रेटिसचे भाषण प्लेटोने लिहिले आहे. त्यात सॉक्रेटिस कॅलिअस नावाच्या धनिकाशी झालेले आपले संभाषण सांगतो. तुझे दोन मुलगे ही शिंगरे किंवा वासरे असती, तर त्यांच्या ठायी असायला हव्या त्या 'अरेते'त त्यांना तयार करणारा घोड्यांचा जाणकार किंवा शेतकरी आपण नेमला असता. पण ती माणसे आहेत, तर मानवी आणि नागरिकाच्या 'अरेते'चे ज्ञान कोणाला आहे? शिंगरू आणि मुलगा यांच्याविषयी एकाच दमात बोलता येते, ते शब्द एकच असल्यामुळे. आणि ज्ञानाचा प्रश्न निघतो तोही जाणकाराच्या, कारागिराच्या ज्ञानावरून. त्यामुळे 'सद्गुण म्हणजे ज्ञान' हे सूत्र मराठीत वाचताना आपल्याला जे वाटते, की बहुश्रुत माणूस आपोआप सदाचारी होतो, ते त्यात नाही. चांगले काय आणि वाईट काय याची खरी जाण हीच माणसाला माणूस म्हणून गुणी बनवते, आणि ती असेल तर तो जाणूनबुजून वाईटाकडे वळणार नाही, असा सॉक्रेटिसचा आग्रह आहे. या सूत्रातला 'ज्ञान' शब्द बदलण्याची गरज मला वाटत नाही. 'माणसाचा गुण म्हणजे ज्ञान' असे एकदा म्हणून पाहिले की 'ज्ञान' शब्दही आपोआप योग्य अर्थाने वाचला जातो. 'मेनो' या संवादात प्लेटो स्वतःच यावर शंका घेतो: लारिसा या शहराला जाणारी वाट ज्याला केवळ अंदाजाने बरोबर ठाऊक आहे तोही इतरांना तिथे नेऊन पोहोचवतो, मग ज्ञान आणि बरोबर ठरलेला समज यांत फरक कोणता? कारणाच्या विचाराने बांधून ठेवल्याखेरीज असा समज टिकत नाही, हे त्याचे उत्तर आहे. पुढे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की सर्व सद्गुण म्हणजे विवेकच असे मानण्यात सॉक्रेटिस चुकला, परंतु विवेकावाचून ते नसतात हे त्याचे म्हणणे बरोबर होते. अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिविषयक लेखन मुख्यतः चारित्र्याविषयी असल्यामुळे तिथे 'सद्गुण' शोभतो. तरीही डोळ्याची आणि घोड्याची 'अरेते' तोही उदाहरणादाखल देतो, तेवढ्या जागी 'गुण' घ्यावा.

'रिपब्लिक'मधल्या राज्यव्यवस्थेच्या भागात हीच अडचण 'न्याय' शब्दापाशी येते. चौथ्या भागात नगराचे चार गुण सांगितले आहेत: राज्यकर्त्यांचे शहाणपण, सैनिकांचे शौर्य, राज्य कोणी करावे याविषयी सर्वांच्या एकमतात दिसणारा संयम, आणि ज्याने त्याने आपले काम करणे हा चौथा, 'दिकायोसुने'. मराठीत न्याय मिळतो, दिला जातो, मागितला जातो; तो बाहेरून येतो. 'दिकायोसुने' ही नगराच्या किंवा माणसाच्या अंगी असते. म्हणून व्यक्तीविषयी 'न्यायीपणा' आणि नगराविषयी 'न्याय' असे लिहिणे मला सोयीचे वाटते. 'आपले काम करणे' यासाठी 'स्वधर्म' हा शब्द काहींना सुचतो, पण तो टाळावा. त्याला वर्णव्यवस्थेचा आणि जन्माचा संदर्भ चिकटलेला आहे, तर राज्यकर्त्यांच्या घडणीत सोने आणि शेतकरी-कारागिरांच्या घडणीत लोखंड-पितळ मिसळलेले असते अशी कथा रचून प्लेटो स्पष्ट सांगतो की सोन्याच्या वर्गातल्या आईबापांच्या पोटी पितळेचे किंवा लोखंडाचे मूल जन्मले तर त्याला कारागिरांत आणि शेतकऱ्यांत पाठवावे, आणि तिकडे सोन्याचे मूल जन्मले तर त्याला वर घ्यावे.

याच भागाच्या शेवटी अशा राज्याला, राज्यकर्ते अनेक असल्यास, 'अरिस्तोक्रातिया' हे नाव येते. कोशात 'अ‍ॅरिस्टोक्रसी'समोर दिलेला 'उमरावशाही' हा शब्द इथे घातल्यास मोठाच घोटाळा होईल, कारण प्लेटोच्या राज्यकर्त्यांना खाजगी घर नाही, जमीन नाही, सोन्याचांदीला हात लावण्याची मुभा नाही. जेवण सामुदायिक आणि राहणे छावणीतल्यासारखे. त्या ठिकाणी 'श्रेष्ठजनांचे राज्य' असे सरळ लिहावे, आणि 'श्रेष्ठ' हे धनाने किंवा कुळाने नसून गुणाने, हे आधीच्या पानांवरून वाचकाला कळलेले असते.