बुढीला आत बसव

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गडचिरोलीत पर्लकोटा नदीपलीकडे पहिलीच नेमणूक, पावसाळा तोंडावर, आणि तू लिहितेस की गरोदर बाई तयार असते, नवरा तयार असतो, आशा दारात उभी असते, पण कोपऱ्यात मोहाची फुलं निवडत बसलेली घरची बुढी मान हलवत नाही आणि सगळं तिथंच थांबतं. बदली मागू का, असं विचारतेस.

बदलीचं नंतर बघू. त्या बुढीशी तू बोललीस का? तुझ्या पत्रात ती पानोपानी आहे, पण अडचण म्हणूनच. तिनं काय म्हटलं ते कुठेच नाही.

मीही अशीच होते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एक माडिया आजी नातीला घेऊन रात्रीची चालत आली. मी आजीला बाहेर काढलं. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं हा नियम होता, मी केलेला नव्हता. पोरगी आत एकटी. माझी मराठी तिला कळेना, तिची माडिया मला. बाळंतपण नीट झालं, रजिस्टरात नोंद झाली. दुसऱ्या खेपेला ती आलीच नाही. घरीच अडली, नाला भरलेला, खाटेवर घालून आणेपर्यंत बाळ गेलं होतं. कित्येक वर्षं मी नाल्याला दोष दिला. आजही म्हणते, पूल हवा होता, गाडी हवी होती, एवढ्या गावांना मी एकटी कुठं पुरणार होते? हे सगळं खरंच आहे. पण बुढीला आत बसवायला पूल लागत नव्हता.

तुझ्या हातात तर कागदही आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू द्या, शक्यतो जिनं स्वतः कळा सोसल्यात अशी, हे 2016 साली केंद्र सरकारनंच सांगितलंय. कुणी अडवलं तर तो दाखव आणि बुढीला आत बसव.

आपल्याच जिल्ह्यातल्या 39 गावांचं काम तुम्हाला शिकवलं असेल. सर्च या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून तिथं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलं, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. त्यातल्या आरोग्यदूतांचं नाव सगळे घेतात, घ्यावंच. पण त्यांच्या जोडीला शिकवून तयार केलेल्या गावच्या सुईणीही होत्या, हे वर्गात कुणी सांगितलं?

चिकाचं लिहिलंस, की पहिलं दूध पिळून टाकतात. मलाही एका बुढीनं असंच ऐकवलं होतं. त्यांच्या घरी गाईचं दूध काढत नसत, ते वासराचं म्हणून. मी म्हटलं, माय, वासराचं वासराला, मग पोराचं पोराला का नाही? ती बराच वेळ गप्प बसली. नंतर त्या घरात चीक टाकलेलं मी पाहिलं नाही. तिलाच मी बाळाचं पोट आणि पाय हातानं बघायला शिकवलं: पोट गरम आणि पाय थंड, तर बाळ गारठतंय, लगेच आईच्या उघड्या छातीशी धर. थर्मामीटर माझ्या पिशवीत असायचं, तिचा हात मात्र रात्री दोन वाजताही त्या घरात होता.

बुढीचं सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. पाळीच्या दिवसांत पोरींना कुर्माघरात धाडणारीही तीच. भर पावसात, गळक्या खोपटात. ते मला कधीच पटलं नाही, तूही पटवून घेऊ नकोस. पण त्यावरही बोलायचं तर तिच्याशीच. सून तुझ्यासमोर मान डोलावेल आणि संध्याकाळी तिथंच झोपायला जाईल. आरोग्याचे फलक लावून तुम्ही लोक कुणाला समजावता? वाचणार कोण? बुढीजवळ बस. मोह निवडू लाग. पहिल्या दिवशी रक्तदाबाचं यंत्र काढूसुद्धा नकोस.

त्या घरातल्या पोरीला आठवा लागलाय म्हणतेस. पूर यायच्या आत जाऊन ये. दवाखान्याजवळच्या माहेरघरात, बाळंतपणाआधी राहायला, आणशील तेव्हा बुढीलाही सोबत आण, आणि तिची खाट पोरीच्या खाटेला लागूनच टाक.

तुझी,
बाई