स्थानक कोठे व्हावे आणि माझी जमीन का जावी, हे दोन वेगळे वाद

प्रश्न : आमच्या भागात उपनगरी रेल्वेचे नवे स्थानक होणार आहे. ते रुळांच्या पूर्वेस व्हावे की पश्चिमेस, यावर बराच काळ वाद चालला. ग्रामसभेने पश्चिमेच्या बाजूने ठराव केला आणि मीही जाहीर सभेत तीच बाजू मांडली. तरीही रेल्वे अधिनियमाच्या कलम २०-ए खालील, म्हणजे जमीन संपादित करण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या, अधिसूचनेत पूर्वेकडील माझा गट आला आहे. पश्चिमेची जागा अधिक सोयीची असल्याचे दाखवून न्यायालयाकडून स्थगिती मिळेल का?

उत्तर : केवळ त्या मुद्द्यावर स्थगिती मिळण्याची शक्यता फारच कमी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या आखणीसंबंधीच्या २०११ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आखणी हा तज्ज्ञांचा विषय असून, निर्णय कायद्याविरुद्ध किंवा दुष्ट हेतूने घेतलेला असल्याखेरीज न्यायालयाने त्यात पडू नये. स्थानकाच्या जागेलाही हाच निकष लागेल, असे मला वाटते. दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मागण्याचा मार्गही अरुंद झाला आहे, कारण स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पायाभूत सुविधा प्रकल्पाच्या कामास अडथळा किंवा विलंब होईल असा मनाई हुकूम देता येत नाही. जनहित याचिकेचा सल्ला आपणास कोणी ना कोणी देईलच. परंतु ज्याची स्वतःची जमीन जाणार आहे त्याने ती दाखल केली, तर पहिला प्रश्न त्याच्या हेतूवरच विचारला जातो.

ग्रामसभेच्या ठरावाला लोकमताचा पुरावा म्हणून किंमत आहे, पण तो रेल्वेवर बंधनकारक नाही. आपले गाव अनुसूचित (म्हणजे आदिवासी भाग म्हणून घोषित) क्षेत्रात असेल तर मात्र १९९६ च्या पेसा कायद्यानुसार संपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो, आणि तो झाला नसल्यास आपला मुद्दा एकदम वजनदार होतो.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या सभेतील भाषणाची. ते कितीही मुद्देसूद असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती हरकत नव्हे. कलम २०-डी नुसार हितसंबंधित व्यक्तीने अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, कारणे नमूद करून, सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. वृत्तपत्रात मजकूर आला तो दिवस किंवा आपल्या हाती कागद पडला तो दिवस न धरता राजपत्राच्या तारखेपासूनच मुदत मोजावी. हरकत दिल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती न देताच हरकत फेटाळली गेली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्यास ठोस आधार मिळतो, आणि तो पश्चिमेची जागा चांगली असल्याच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी भक्कम असेल.

हरकतीत ‘पश्चिमेकडे प्रवासी जास्त आहेत’ या मुद्द्याला एक परिच्छेद पुरे. उरलेली जागा आपल्या गटाला द्यावी : लगत रेल्वेच्याच मालकीची मोकळी जमीन असेल तर तिचा नकाशा, अधिसूचनेतील क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र यांतील तफावत, विहीर, घर, झाडे, तसेच संपादनानंतर उरणाऱ्या तुकड्याला रस्ता राहतो की नाही. संपूर्ण संपादन रद्द होणे कठीण असते. क्षेत्र कमी होणे किंवा वाट राखली जाणे त्या मानाने शक्य असते. दोन्ही जागांचे तुलनात्मक अहवाल माहितीच्या अधिकारात अवश्य मागवावेत, पण त्या उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच असल्याने हरकत त्यासाठी थांबवून ठेवू नये.

हरकत फेटाळली गेल्यास कलम २०-ई खालील घोषणा निघते आणि जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे त्याच्या मालकीची होते. मात्र २०-ए च्या अधिसूचनेपासून एका वर्षात ही घोषणा न निघाल्यास ती अधिसूचना निष्प्रभ ठरते, म्हणून दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. पुढचा वाद मोबदल्याचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी रेल्वेच्या संपादनालाही लागू असल्याने बाजारमूल्याच्या आधारे ठरलेल्या रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम देय असते, आणि ठरवलेला मोबदला मान्य नसल्यास कलम २०-एफ नुसार केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येते.

राजपत्राची प्रत, सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन याच आठवड्यात स्थानिक वकिलांना भेटावे आणि हरकत दाखल करून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.