बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू का?

प्रश्न: आजवर तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा अर्क) वापरून घरी बिअर केली. आता थेट धान्यापासून करायची आहे. त्यासाठी धान्य भिजवण्यापासून उकळण्यापर्यंत सगळं करणारं महागडं ऑल-इन-वन यंत्र घ्यावं का?

उत्तर: हौस असेल तर घ्या, पण सर्वांत आधी नको. मोठं पातेलं, त्यात बसणारी जाळीदार कापडी पिशवी आणि भरवशाचा थर्मामीटर एवढ्यावर काम भागतं. भरडलेलं माल्ट पिशवीत घालून 66-67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा. तेवढ्यात माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. 63-64 अंशांना यीस्टला पचणारी साखर जास्त मिळते आणि बिअर कोरडी होते. 69-70 ला ती भरीव, किंचित गोडसर होते.

वाचलेले पैसे आंबवताना तापमान सांभाळण्यावर घाला. जुना फ्रिज आणि त्याला जोडायचा तापमान नियंत्रक पुरे. यीस्ट जोरात असताना फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) आत खोलीपेक्षा काही अंश जास्तच गरम असतं, आणि खोलीतला थर्मामीटर पाहून लोक निर्धास्त राहतात. बहुतेक एल (उबेत आंबणारी बिअर) यीस्टना 18-20 अंश मानवतात, लागरला (थंडीत आंबणारी बिअर) 10-12. चकचकीत यंत्रातलं वर्ट (माल्टचं गोड पाणी) 28 अंशांवर आंबवलंत, तर साध्या एलला थिनरसारखा वास मारण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न: तिसऱ्याच दिवशी एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले. बाटल्या भरू का?

उत्तर: मुळीच नको! झाकण जरा सैल असलं तरी वायू तिथून निसटतो आणि बुडबुडे दिसत नाहीत. उलट आंबणं संपल्यावरही विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, तेव्हा ते दिसतात. विचारायचं ते द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला; साखर आंबते तसा त्याचा आकडा उतरतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला आणि तो अपेक्षेइतका खाली असला, तरच पुढे जा. 1.050 वरून 1.010 वर आला तर फरकाला 131 ने गुणा. अल्कोहोल साधारण 5.2 टक्के. आकडा 1.025 वर अडकला असेल तर फर्मेंटर दोन-तीन अंशांनी उबदार करा, हलकेच हलवा आणि थांबा. मोजलेला नमुना परत ओतू नका, चाखून पाहा.

घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते आणि काच फुटते. फेसासाठी साखरही चमच्याने नको, वजन करून घ्या. लिटरला 6 ग्रॅमच्या आसपास, थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळा. बाटल्या दाब सोसणाऱ्याच हव्यात.

प्रश्न: रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) दोन थेंब पुरतात. मग हायड्रोमीटर कशाला?

उत्तर: आंबवण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर उत्तम. नंतर अल्कोहोलमुळे तो आकडा चढा दाखवतो, दुरुस्तीचं सूत्र लावावं लागतं.

प्रश्न: सगळं ब्लीचने धुतो, तरी बिअरला दवाखान्यासारखा वास येतो.

उत्तर: तरी नाही, बहुधा त्यामुळेच! ब्लीचमधलं क्लोरीन आणि बिअरमधली फिनॉल मिळून क्लोरोफिनॉल तयार होतात. ती नाकाला अगदी कणभरही जाणवतात. आधी भांडी घासून स्वच्छ करा, मग खळबळावं न लागणारं आम्लयुक्त जंतुनाशक वापरा. तेही उकळीनंतर वर्टला लागणाऱ्या वस्तूंपुरतंच. पातेल्याचं काम उकळी करते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. चरे पडलेला प्लास्टिकचा फर्मेंटर मात्र टाकून द्या.

प्रश्न: झाकण ठेवून वर्ट उकळलं तर इंधन वाचेल ना?

उत्तर: वाचेल, पण शिजलेल्या मक्याचा वास देणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जायचं ते आतच राहील. उकळी फुटेपर्यंत झाकण ठेवा, मग काढा.