‘लिफ्ट’ म्हणजे वाढवलं की काढलं?

प्रश्न: सहा महिने झाले, मी रोज इंग्रजी बातम्या वाचतेय, मुद्दाम व्यापार करारांच्याच, कारण त्यात तेच ते शब्द परत परत येतात असं ऐकलं होतं. वहीत चारशे शब्द झालेत. पण परवा ‘टॅरिफ्स लिफ्टेड’ असं हेडिंग वाचून मी ऑफिसात सांगून मोकळी झाले की आयात कर वाढला, आणि सगळे हसले. लिफ्ट म्हणजे वर उचलणं ना? मग चुकलं कुठे?

उत्तर: हसणाऱ्यांचं सोडा हो, त्यातल्या निम्म्यांना तरी मनात तेच वाटलं असणार. लिफ्ट म्हणजे उचलणं हे बरोबरच आहे, फक्त आपण मराठीत ‘बंदी उठवली’ म्हणतो तेव्हा बंदी वाढली असं कुणाला वाटतं का? नाही ना, तसंच हे, टॅरिफ लिफ्ट झालं म्हणजे उठलं, गेलं. वाढवलं असेल तर ‘रेझ’ येईल, हेडिंगात जागा कमी असली की ‘हाइक’.

चूक वहीची आहे. टॅरिफ = आयात कर असं एका ओळीत लिहून पुढे गेलात की शब्द पाठ होतो पण त्याचे सोबती कळत नाहीत. टॅरिफ ‘इम्पोज’ करतात किंवा ‘लेव्ही’ करतात म्हणजे लावतात, ‘स्लॅश’ करतात म्हणजे एकदम बरंच कमी करतात, आणि करारांच्या बातम्यांत सगळ्यात जास्त भेटतं ते ‘फेज आउट’, टप्प्याटप्प्याने शून्यावर आणणं, कारण सगळा कर एका रात्रीत सोडून द्यायला सहसा कुठलाच देश तयार नसतो. चारशे सुटे शब्द राहू द्या, चाळीस जोड्या लिहा. (जाता जाता एक गंमत, टॅरिफ हा शब्द मुळात अरबी ‘तअरीफ’वरून आलाय, म्हणजे माहिती देणं, ओळख करून देणं, आणि आपली ‘तारीफ’ पण तिथलीच. एकाच घरातले दोघे, एक कौतुक करतो आणि दुसरा पैसे मागतो.)

दुसरं म्हणजे रोज नवा करार वाचू नका, एकच धरा आणि जन्मापासून वाचत या. मी लोकांना नेहमी टीपीपी (ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप) सांगतो, पॅसिफिकच्या आजूबाजूच्या 12 देशांचा व्यापार करार, कारण त्याच्या एकट्याच्या गोष्टीत निम्मी शब्दसंपत्ती येऊन जाते. फेब्रुवारी 2016 मध्ये ऑकलंडला 12 देशांनी तो ‘साइन’ केला. पण सही म्हणजे फक्त होकार, तो बंधनकारक व्हायला आपापल्या देशात मंजुरी लागते, ते ‘रॅटिफाय’. अमेरिकेने सही केली होती, रॅटिफाय कधी केलंच नाही, आणि जानेवारी 2017 मध्ये ‘विथड्रॉ’ केलं, म्हणजे अंग काढून घेतलं. उरलेल्या 11 जणांनी मसुद्यातल्या 22 तरतुदी ‘सस्पेंड’ केल्या, रद्द नाही हां, स्थगित, रद्दला ‘स्क्रॅप’ म्हणतात, आणि नाव वाढवून सीपीटीपीपी केलं. मार्च 2018 मध्ये परत सह्या, आणि 30 डिसेंबर 2018 ला तो ‘एंटर इंटू फोर्स’ झाला, लागू झाला, तोही आधी रॅटिफाय केलेल्या सहा देशांपुरताच. नंतर ब्रिटन आलं, पण त्याने नुसतं ‘जॉइन’ केलं असं गंभीर बातमीत फारसं दिसणार नाही, तिथे ‘अ‍ॅक्सीड’ असतं, आधीच चालू असलेल्या करारात मागून सामील होणं, आणि ते डिसेंबर 2024 मध्ये पक्कं झालं. आता मला सांगा, साइन आणि रॅटिफायमधला फरक पाठ करायला काही लागलं का?

प्रश्न: ‘मोस्ट फेव्हर्ड नेशन’ म्हणजे लाडका देश असा अर्थ मी लावतो. पण मग बातमीत ‘सगळ्या सदस्यांना मोस्ट फेव्हर्ड दर्जा’ असं येतं. सगळेच लाडके कसे?

उत्तर: तुमची शंका बरोबर आहे, नावच फसवं आहे. अर्थ असा की एका देशाला सवलत दिली तर तीच जागतिक व्यापार संघटनेच्या बाकी सदस्यांनाही द्यायची, म्हणजे कुणीच लाडकं नाही, सगळे सारखे. 1947 चा गॅट, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेला व्यापाराच्या नियमांचा करार, त्याचं पहिलंच कलम हे आहे. अमेरिकेने तर 1998 मध्ये आपल्या कायद्यातून हे नाव काढून ‘नॉर्मल ट्रेड रिलेशन्स’ केलं, लोकांचा गैरसमज व्हायचा म्हणून. मुक्त व्यापार करार, म्हणजे ठरावीक देशांनी एकमेकांपुरतेच कर कमी करणं, हा याच नियमाला दिलेला अपवाद, म्हणून तिथे ‘प्रेफरेन्शियल’, म्हणजे खास सवलतीचा, हा शब्द दिसतो. खरा लाडका तो.

असे ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त घात करतात. ‘शेड्यूल’ घ्या. मी स्वतः एका कराराच्या शेवटी ‘टॅरिफ शेड्यूल’ उघडून तारखा शोधत बसलो होतो, अर्धा तास, आणि समोर शेकडो पानं नुसती वस्तूंची यादी आणि त्यांचे दर. तिथे शेड्यूल म्हणजे वेळापत्रक नाही, परिशिष्टातली यादी. ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य नाही, शुल्क. आणि ‘टेबल’ तर कहर आहे, ब्रिटिश बातमीत प्रस्ताव टेबल केला म्हणजे चर्चेला मांडला, अमेरिकन बातमीत म्हणजे बाजूला ठेवून दिला! त्यामुळे पेपर कुठला आहे ते आधी बघा.

प्रश्न: बातम्या बऱ्यापैकी कळतात आता. मूळ कराराचा मसुदा वाचायचा प्रयत्न करू का, की डोकं फिरेल?

उत्तर: फिरेल, पण करा. सगळा नको. सुरुवातीला व्याख्यांचं प्रकरण असतं, ते फुकटची डिक्शनरीच आहे, तेवढं वाचा. मग कुठलंही एक पान घ्या आणि फक्त ‘शॅल’वर खूण करत जा. शाळेत शिकवलेलं ‘आय’ आणि ‘वुई’च्या पुढे लावायचं शॅल विसरा, इथे शॅल म्हणजे करावंच लागेल. पण त्याच्या पुढे ‘एंडेव्हर टू’ आलं की सगळी हवा गेली, म्हणजे प्रयत्न करू, बघू. पर्यावरण, कामगारांचे हक्क, सहकार्य असल्या विषयांत हे एंडेव्हर जास्त सापडतं आणि आयात कराच्या कलमात सरळ शॅल. एवढं एक कळलं तरी बातमीत नेते कशावर टाळ्या घेतायत आणि कागदावर खरं काय लिहिलंय ते वेगळं दिसायला लागतं.

प्रश्न: हेडिंगमध्ये ‘मल्स’, ‘आइज’, ‘इंक्स’ असलं काय काय असतं, ते बोलताना वापरलं तर चालेल का?

उत्तर: नको. ते जागा वाचवायचे शब्द आहेत. मल म्हणजे विचार चालू आहे, आय म्हणजे डोळा ठेवून आहे, इंक म्हणजे सही केली. ओळखा आणि पुढे वाचा, मीटिंगमध्ये ‘वुई मल’ म्हणालात तर परत ऑफिस हसेल.